चाल आणि पाऊल



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर नाहीतर भविष्यनिर्वाह निधीवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. पंचवीस-तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे आणि ऐकणारेही बिचारे तेच ऐकत आले आहेत. मी म्हटले, यंदा नाटकावर बोलतो. हौशी मंडळींनी संगीत नाटक बसवावयाचे तर चाली कुठून आणाव्या आणि माणसे रंगमंचावर कशी हलवावी, एवढाच विषय. चालक क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, "तुम्हाला गाता येते का?"

मला गाता येत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. संगीताची शाळा मी बाहेरूनही पाहिलेली नाही. सूर म्हणून जो कानात बसला तो कारखान्याच्या भोंग्याचा, आणि ताल शिकलो तो मोर्चात. तेव्हा आज मी सांगणार आहे ते जाणकाराचे सांगणे नव्हे. ज्याला गाता येत नाही आणि नाचताही येत नाही अशा माणसाच्या गळ्यात एक संगीत नाटक पडले, त्याने केलेल्या चुकांची ही हकिकत आहे.

मोर्चात ताल शिकलो म्हणालो, ते थट्टेने नव्हे. घोषणा देणारा एक असतो आणि उत्तर देणारे पाचशे. मोर्चा लांबला की पुढच्यांचे उत्तर संपते तेव्हा मागच्यांचे सुरू होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, हे मी पुढे पुस्तकात वाचले. पण मोर्चाचे शेपूट मागे का राहते हे त्याच्या आधीच कळले होते. त्यावर आम्ही उपाय काढला होता, की घोषणा देणाऱ्याने तोंडाशी न राहता मोर्चाच्या मध्यावर चालावे. नाटकात टाळकरी कुठे उभा करावा हा प्रश्न आला, तेव्हा मला दुसरे काही शिकावे लागले नाही.

आता नाटक गळ्यात पडले कसे ते सांगतो. एका कारखान्यातील कामगारांचे पगार बरेच महिने थकले होते. कारखान्याचे नाव आज नको. त्या भांडणाचे हे व्यासपीठ नव्हे. आम्ही रोज संध्याकाळी फाटकाशी सभा घेत असू. पहिल्या महिन्यात तीनशे माणसे येत, चौथ्या महिन्यात चाळीस येऊ लागली. भाषणे तीच, बोलणारा तोच, आणि पगारही तसेच थकलेले. तेव्हा एक फिटर मला म्हणाला, "भाऊ, सभेला येत नाहीत ती माणसे भजनाला येतात." एकादशीला जाऊन मी पाहिले तर खरेच तीच माणसे होती. मग ठरले की नाटक करावयाचे, आणि तेही आपल्या गोरोबाकाकांचे. तेरच्या परिसरात दुसरे कोणाचे करणार? ज्यांची समाधी गावात, ज्यांच्या समाधीची तिथी चैत्र वद्य त्रयोदशी, आणि जे स्वतः मातीत राबणारे कामगार!

पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या आवडीची गाणी आणली. मोबाईलमधून एकेक वाजू लागले. तासाभरात एकोणीस गाणी जमली, त्यांतली चौदा सिनेमातली. मी म्हटले, छान आहेत, यांवर आपले शब्द बसवू. ही माझी पहिली चूक.

चाल हे रिकामे भांडे नव्हे, की आतले ओतून टाकले आणि आपले भरले. आधी जे भरलेले असते त्याचा वास तिला राहतोच. आमचा एक जण विठ्ठलाची आळवणी करू लागला, आणि समोर बसलेली पोरे खुदुखुदु हसू लागली; कारण त्या चालीवर कोणती नटी कोणत्या पावसात नाचली होती हे त्यांना पाठ होते. शब्द आमचे होते, पण चित्र तिचे उभे राहत होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याकडे १९३६ सालीच होऊन गेले आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' ज्यांनी पाहिला असेल त्यांनी आठवून पाहावे. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे यांचे. त्यात तुकारामाचे अभंग सालोमालो आपल्या नावावर खपवतो. पण चोरी पकडावयाला तिथे कोतवाल लागत नाही. सालोमालो तोच अभंग जुन्या नाटकी ढंगाने मुरडत, नखरे करीत गातो, आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तो साध्या, चालत्या सुरात म्हणतो. शब्द तेच, पण चालीवरून चोर कोण आणि धनी कोण हे लहान मुलालाही कळते. चाल म्हणजे त्या माणसाचा स्वभाव, एवढे भोळ्यांनी त्या दोन चालींत सांगून ठेवले आहे. आमच्या पहिल्या महिन्याच्या तालमींत आमचे सगळेच संत सालोमालो झाले होते.

मग कोणी म्हणाले की गोरा कुंभारावर तयार संगीत नाटक आहेच. अशोकजी परांजपे यांचे, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. त्यातली प्रकाश घांग्रेकरांनी गायलेली पदे आजही घरोघर ऐकली जातात. आम्हीही ती ऐकली, आणि म्हणून पाहिली. अभिषेकीबुवांनी त्या चाली कसलेल्या गळ्यासाठी बांधल्या आहेत. आमचा गळा बॉयलरच्या धुराने भाजलेला. वरच्या सुरावर पोहोचेपर्यंत आमचा गोरा लालबुंद व्हायचा आणि प्रेक्षकांना त्याच्या मोक्षाऐवजी प्रकृतीची काळजी वाटायची. शिवाय दुसऱ्याचे नाटक करावयाचे तर लेखकाची परवानगी घ्यावी लागते आणि मानधन द्यावे लागते. हौशी मंडळी हे सर्रास विसरतात. थकलेल्या पगारासाठी भांडणाऱ्यांनी कवीची मजुरी बुडवावी, हे मला तरी पटण्यासारखे नव्हते. पैसे नव्हते, म्हणून आम्ही ते नाटक बाजूला ठेवले.

मग आम्ही प्रश्न उलटा केला. कोणती गाणी आवडतात हे सोडून कोण काय म्हणू शकतो ते लिहून काढले. माणसे बावीस. त्यांत भजनी मंडळातले नऊ, हलगी वाजवणारा एक, पेटीवाला एक. बायका पाच, त्यांना जात्यावरच्या ओव्या येत, फुगडी येई, आणि उसाच्या फडात एका दमाने कामे करण्याची सवय होती. राहिलेल्या सहाजणांना काहीच येत नव्हते. पण त्यांना रांगेत उभे राहता येत होते. हेही लहान नव्हे, हे पुढे कळेल.

लोकांच्या ओळखीच्या चाली घेण्यात कमीपणा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले, तेव्हा त्यांतली पदे कीर्तनातल्या, लावणीतल्या, साकी-दिंडीच्या आणि कर्नाटकातल्या ओळखीच्या चालींवरच बांधलेली होती. मग आमच्या सिनेमाच्या चालींनी काय घोडे मारले होते, असे आपण विचाराल. फरक इतकाच, की कीर्तनाची चाल कोणा एका नटाची नसते. ती हजारोंच्या तोंडून घासून आलेली असते, म्हणून तिच्यात आपला माणूस बसवता येतो.

या बाबतीत आपल्या शेजारचे एक नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. बार्शीला १९१६ साली जन्मलेले अमर शेख. गिरणीत राबलेला हा माणूस पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथकात उभा राहिला. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला, पण जशाचा तसा नव्हे. अण्णाभाऊंनी गवळण काढून टाकली, आणि गणात देवतेच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्याला नमन केले. म्हणजे काय घ्यावयाचे याबरोबर काय टाकावयाचे हेही त्यांनी ठरवले होते. आमच्याकडे घेण्याची हौस दांडगी आणि टाकण्याची हिंमत नाही. म्हणून हौशी नाटक साडेचार तास चालते. एकोणीस गाण्यांची आम्ही सात केली. प्रत्येक गाणे कापताना एकेक माणूस रुसला. त्या रुसव्यांची समजूत काढणे मालकाशी बोलणी करण्यापेक्षा कठीण गेले.

आता थोडे पेटीकडे वळतो. बाप्यांचा सूर काळी एक. त्यात बायकांना गाता येईना. खाली गुणगुणल्यासारखे होई. बायकांसाठी पेटी चढवली की बाप्यांच्या शिरा ताणल्या जात. हा तंटा तीन दिवस चालला. अखेर भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी तो मिटवला. ते म्हणाले, सूर काळी एकच ठेवा, बायकांनी त्याचा मध्यम आपला षड्ज धरावा. म्हणजे त्यांना काळी तीन मिळते. पेटी तीच आणि षड्ज दोन! इतके दिवस आम्ही एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ओढत होतो. आणखी एक नियम त्याच बुवांचा: सूर धरावा तो मंडळीतल्या सर्वांत कच्च्या गळ्याला झेपेल असा, पक्का गळा कुठेही जुळवून घेतो.

दुसरा प्रश्न दमाचा. नाचणाऱ्याला गाता येत नाही आणि गाणाऱ्याला नाचता येत नाही, ही देवानेच केलेली व्यवस्था आहे. सिनेमातली माणसे दोन्ही करतात, कारण गाणारे दुसरेच असतात. आमच्या पोरांनी तोड काढली की गाणी आधीच मुद्रित करून ठेवू आणि प्रयोगात लावू. आजकाल ट्रॅक म्हणतात. एका तालमीला तसे केले. आमचा एक संत पागोटे सुटले म्हणून थांबला, आणि ट्रॅक पुढे निघून गेला. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. माणूस असता तर त्याने पालुपद आणखी दोनदा घोळवले असते. पोवाड्यातला झीलकरी हेच तर करतो. शाहीर दम घेतो तेवढा वेळ झीलकरी सूर धरून ठेवतो. मग आम्ही गाणारे एका बाजूला बसवले, हलणारे मध्ये ठेवले, आणि टाळकरी दोहोंच्या मधोमध उभा केला, मोर्चातल्या घोषणा देणाऱ्यासारखा.

राहिले ते सहाजण, ज्यांना काहीच येत नव्हते. त्यांच्यासाठी मला आधार मिळाला तो 'घाशीराम कोतवाला'चा. हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम झाले. तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, आणि हालचाली बसवल्या कृष्णदेव मुळगुंद यांनी. करणारी मंडळी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची, हौशीच. मी ते पडद्यावर पाहिले, पुनःपुन्हा पाहिले. त्यात माणसांची एक रांग उभी असते. ती डुलते, गाते, पाठ फिरवते, आणि पाठ फिरवली की भिंत होते. भिंतीमागे काय चालले आहे ते प्रेक्षकाला दिसत नाही, पण कळते. त्या रांगेतल्या एकेकट्याला पाहिले तर तो विशेष काही करीत नाही, नुसता डुलतो. पण बाराजण एकदम डुलले की अंगावर काटा येतो. आमच्या सहाजणांना मी म्हटले, तुम्ही कधी पंढरीची वाट व्हा, कधी गोरोबांच्या घराची भिंत, कधी पाठ फिरवणारे गाव. रांगेत उभे राहणे त्यांना येतच होते. रेशनच्या दुकानाने ते शिकवले होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गोरोबाकाकांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. काका चिखल तुडवीत असतात, नामात रंगून जातात, आणि रांगते मूल पायांखाली येते. हा प्रसंग कसा दाखवावयाचा?

आम्ही प्रथम बसवला तो असा: सर्वांनी वर्तुळात वारीतली पावली घालावयाची, पखवाजावर आठ मात्रांचा ठेका, शेवटी करुण बासरी. दिसावयाला फार सुरेख दिसे. तालमीला एक म्हातारे कुंभार आबा येऊन बसत. चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मीच विचारले. ते म्हणाले, "चांगलं हाय. पर चिखलातनं पाय असा सुटतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला त्यांच्या अंगणात नेले. माती भिजवलेली होती, त्यात राख आणि लीद मिसळलेली. म्हणाले, उतरा. आम्ही उतरलो. तुडवताना वजन टाचेवर द्यावे लागते, चवड्यावर नव्हे. पाय रुतावयाला जेवढा वेळ लागतो तेवढाच उपसावयाला लागतो. कडेने सुरू करून गोल गोल फिरत मध्याकडे यावयाचे, एकही जागा सोडावयाची नाही. कारण राहिलेला खडा पुढे चाकावर बोटाला लागतो, नाहीतर आव्यात मडके फोडतो. कमरेवर हात, मान खाली. अर्ध्या तासात आमच्या पोटऱ्या भरून आल्या. आपल्या गावच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांची मातीही कोणीतरी अशीच टाचेने तुडवली असणार. मी त्या किती वेळा पाहिल्या असतील, पण पोटऱ्या दुखेपर्यंत हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

त्या अंगणात आमचे नृत्य सापडले. आठ मात्रांत एकच पाऊल. चार मात्रा रुतावयाला, चार उपसावयाला. पखवाज नाही, फक्त टाचांचा आवाज आणि एकाच माणसाचे गुणगुणणे. मग दुसरा सूर, तिसरा सूर, टाळ. लय वाढते. आठ मात्रांत दोन पावले होतात, मग चार. टाचेवरचे वजन चवड्यावर येते, मान वर होते, कमरेवरचे हात सुटून वर जातात. आणि चिखल तुडवणाऱ्याची ती पावले, पाहता पाहता, वारीतली पावली होतात. याचा अर्थ असा की पायांखाली चिखल आहे हे पाय विसरले. ज्या क्षणी पाऊल हलके झाले त्याच क्षणी भक्ती लागली, आणि त्याच क्षणी मूल गेले. मूल आम्ही रंगमंचावर आणलेच नाही. त्या रांगेने फक्त पाठ फिरवली.

यावरून मोठा वाद झाला. आमच्या भजनी मंडळातले वडीलधारे मला म्हणाले, "पाय हलका झाला की पांडुरंग भेटला असे आम्ही मानतो. तुम्ही दाखवता की पोर मेले." मी म्हटले, "बुवा, कथेत दोन्ही आहे. कीर्तनकार शेकडो वर्षे दोन्ही सांगत आले. मी यात माझे काय घातले?" त्यांचे समाधान झाले नाही. उलट तरुण पोरांचे म्हणणे, की शेवटी पंढरपुरात कीर्तनात मूल जिवंत होऊन येते तो चमत्कार काढून टाका. आपण कामगार, आपल्याकडे मेलेले पोर परत येत नाही. तेही मला पटण्यासारखे होते. दोन्ही बाजू माझ्याकडे निवाड्यासाठी आल्या, जणू मी कामगार आयुक्तच! मी पोरांना म्हटले, चमत्कार राहू द्या. तो ज्यांचा आहे त्यांच्यापासून हिसकावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि बुवांना म्हटले, पाऊल आहे तसेच राहील. दोघेही नाराज झाले. पण बुवा टाळ घेऊन तालमीला येत राहिले.

त्या प्रसंगातल्या संगीताचा शेवटचा निर्णय मात्र माझा नव्हे. आईच्या येण्यावर आम्ही बासरी ठेवली होती आणि एक मोठी किंकाळी. आईचे काम करणारी बाई ऊसतोडीवर जाणारी. ती किंकाळी फोडीना. दोनदा सांगितले, तीनदा सांगितले. मग ती म्हणाली, "आई लगीच वरडत न्हाई, भाऊ. आदी चिखुल पुसती." हे तिने कुठून आणले ते मी विचारले नाही. तालमीत कोणीच काही बोलले नाही. बासरीवाल्याने आपली बासरी पिशवीत घातली.

त्यानंतर तो प्रसंग असा झाला. टाळ चालू असताना ती येते, खाली बसते आणि पदराने पुसू लागते. टाळकरी एकेक करून थांबतात; पाहिलेला थांबतो, न पाहिलेला वाजवीत राहतो. शेवटी एकच टाळ राहतो, मग तोही थांबतो. गोरा मात्र अजून पावली घालतोच आहे, आवाजाशिवाय. तेवढा वेळ सात-आठ श्वासांचा असेल. मग ती जात्यावरच्या ओवीच्या चालीत सुरू करते, तिच्या स्वतःच्या सुरात. पेटी तिला सूर देत नाही.

प्रयोगात गडबड झाली ती वेगळीच. तालमी मोकळ्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखून झाल्या होत्या, तीस फूट रुंदीत. प्रयोगाच्या दिवशी मंच मिळाला अठरा फुटांचा. वर्तुळाचे अंडे झाले आणि दोन संत एकमेकांवर आदळले. तुम्ही कोणी नाटक बसवणार असाल तर आधी मंच टेपने मोजून या, आणि मोजलेल्यातून दोन-दोन फूट दोन्ही बाजूंनी वजा करा. पडदे आणि उगाच येऊन बसणारी मुले तेवढी जागा खातातच.

नाटकामुळे पगार मिळाले असे मी म्हणणार नाही. काही रक्कम पुढे मिळाली, ती कोर्टाच्या निकालाने. फाटकावरच्या सभेला मात्र पुन्हा दीडशे-दोनशे माणसे येऊ लागली, आणि त्यांत बायका येऊ लागल्या, ज्या पूर्वी येत नसत.

एक सांगावयाचे राहिले. संतांच्या परीक्षेचा प्रसंग, ज्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काका थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहतात आणि नामदेव कच्चा ठरतो. त्याला आम्ही कोणतेही वाद्य घेतले नाही. मडकीच घेतली. भाजलेले मडके थापटले की ठणठणीत वाजते, कच्चे थापटले की बद्द आवाज येतो. प्रत्येक संताच्या मागे बसलेला एक जण आपापले मडके वाजवी, आणि नामदेवाच्या वेळी तो बद्द आवाज आला की सगळा मांडव हसे. मडकी आबांनीच दिली होती. सतरा नेली, नऊ परत आली. मी पैसे द्यावयाला गेलो तेव्हा त्यांनी फुटलेल्या भाजक्या मडक्यांचे पैसे मोजून घेतले. कच्च्याचे घेतले नाहीत. म्हणाले, "त्याची माती परत भिजवतो."